वापस आलेल्या माणसाचं काय करायचं?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा आठवडाभर आपल्या वाहिन्यांवर एकच सूर होता. आता आपली हुशार मुलं परत येतील, देशाचं भलं होईल, ट्रम्प यांनी नकळत आपल्यावर उपकारच केले. दुसऱ्यानं दार लावून घेतलं म्हणून घरी आलेल्या मुलाचं इतकं कौतुक मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावात, फुलसावंगीत, या बातमीची कोणी दखल घेतली नाही. त्या दिवसांत इथे सोयाबीन काढणीला आलं होतं आणि पाऊस उसंत देत नव्हता. शिवाय आमच्याकडचा परदेशात गेलेला माणूस कॅलिफोर्नियातल्या काचेच्या इमारतीत बसत नाही. तो महागाव, उमरखेड, पुसदहून मुंबईला जातो, एजंटनं दाखवलेल्या शेडमध्ये ट्रेड टेस्ट देतो आणि आखातात उतरतो. ड्रायव्हर, प्लंबर, पाइपफिटर, वेल्डर. यांच्या जाण्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही आणि येण्यावर तर नाहीच. मी त्यांच्यातलाच एक. यवतमाळला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, २००४ मध्ये सौदी अरबस्तानातल्या जुबैलला वेल्डर म्हणून गेलो, पुढे वेल्डिंग इन्स्पेक्टर झालो, २०२२ मध्ये खुरुज लावून, म्हणजे कायमचा निरोप घेऊन आलो. आता गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे आणि पाच एकर शेती.

आल्यापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. पारावर, लग्नात, बँकेच्या रांगेत, माहूरच्या गडावर भेटलेला दूरचा पाहुणासुद्धा विचारतो, "काहून आला रे बाप्पा वापस?" विचारणाऱ्याच्या डोक्यात दोनच उत्तरं तयार असतात. एक तर हाकललं असेल, नाहीतर मातीची ओढ लागली असेल. पहिलं उत्तर दिलं तर मी नापास, दुसरं दिलं तर सत्काराचं नारळ-शाल. खरं कारण ऐकायला थांबायला कोणाला वेळ नसतो, कारण ते लांबलचक आहे आणि त्यात आकडे आहेत.

आकड्यांपासूनच सांगतो. सौदी सरकारनं जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबावर शुल्क बसवलं. बायको आणि मुलं, प्रत्येकी महिन्याला १०० रियाल. दर जुलैला त्यात १०० ची भर, २०२० मध्ये ४०० होईपर्यंत. पैसे वर्षाचे आगाऊ भरायचे, तेव्हाच इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा होणार. आमच्या घरी बायको आणि दोन मुलं मिळून तिघं. २०१८ मध्ये महिन्याला ६०० रियाल झाले, वर्षाचे ७,२००. तेव्हाच्या भावानं जवळजवळ १ लाख ३० हजार रुपये, निव्वळ कुटुंब जवळ ठेवण्याचे. दोन वर्षांनी हेच दुप्पट होणार हे कागदावर लिहिलेलं होतं. त्याच वर्षी मुलगा दहावी झाला. जुबैल, दम्माम, रियाध, कुठेही बघा, भारतीय कुटुंबं परततात ती मोठ्या मुलाच्या दहावीला नाहीतर बारावीला. पुढचं शिक्षण तिथे आपल्या ऐपतीत नसतं, तेव्हा आज ना उद्या मूल भारतात पाठवायचंच असतं. आखातात कितीही वर्षं राबा, नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे परतायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असतं. कधी, एवढंच ठरायचं राहतं. अमेरिकेतल्या माणसाचं दुखणं वेगळं. त्याला राहता येईल अशी आशा असते, ग्रीन कार्डाच्या रांगेत ती आशा दहा-पंधरा वर्षं लांबते, आणि परतायचा निर्णय त्याला रोज नव्यानं टाळावा लागतो. आम्हाला ती चैन नव्हती.

बायको-मुलं २०१८ च्या उन्हाळ्यात आली. मी पुढची चार वर्षं कंपनीच्या बॅचलर कॅम्पात. सौदीतल्या अर्ध्याअधिक मराठी संसारांची परत येण्याची रीत हीच: आधी कुटुंब, मागून माणूस. गावाला वाटतं माणूस एका दिवशी बॅग घेऊन उतरतो. तो खरं तर कैक वर्षं हप्त्याहप्त्यानं उतरत असतो.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी, कारण परतण्यावरच्या लेखांत ती कधी वाचायला मिळत नाही. माझ्या बायकोला यायचं नव्हतं. जुबैलला दोन खोल्यांचंच घर होतं, पण स्वयंपाकघर तिचं होतं. संध्याकाळी समुद्राकाठी बाया-पोरांसह फिरणं होतं, केरळच्या, हैदराबादच्या, रत्नागिरीच्या मैत्रिणी होत्या. एकटीनं फार कुठं जाता येत नव्हतं हे खरं, आणि बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली ती जून २०१८ मध्ये, नेमकी तिची निघायची वेळ झाली तेव्हा. तरी ती म्हणाली होती, "अहो, तुमचं परतणं म्हणजे तुमच्या गावाला परतणं. माझं म्हणजे सासूच्या घरी परतणं." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि आजही नाही. परदेशातून यायचं ठरवतो तो पुरुष, नाहीतर त्याची आई. सून फक्त सामान बांधते. मायभूमीची ओढ वगैरे लिहिणाऱ्यांनी एकदा घरातल्या बाईला विचारून मग लिहावं.

मग मी का आलो? २०२० मध्ये विमानं बंद असताना वडील गेले. मला येता आलं नाही. त्यानंतर सातबारावर वारसांची नावं चढवायची होती, थोरल्या भावाशी हिस्से करायचे होते, मक्त्यानं दिलेलं वावर दोन हंगाम तणानं भरलेलं होतं. आईचा खुबा मोडला. कंपनीत सुपरवायझरच्या जागा स्थानिक पोरांना द्यायच्या असा सरकारी रेटा २०११ पासूनच होता, तो माझ्या टेबलापर्यंत पोचायला दहा वर्षं लागली. मला कोणी काढलं नाही, पण पुढचं कंत्राट तोकड्या पगाराचं येणार हे उघड होतं. यातलं एकच कारण सांगा म्हटलं तर मी सोयीचं निवडतो. गावात आईचा खुबा सांगतो, बँकेत शेती सांगतो, जुन्या दोस्तांना पगार सांगतो. सगळी खरी आहेत. आणि रात्री झोप न येण्याचं कारण विचारलं तर वडिलांचं.

रुपयाचंही सांगून टाकतो. रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, ३.७५ ला एक. मी गेलो तेव्हा रियालचे बाराच्या आसपास रुपये मिळायचे, आलो तेव्हा वीसच्या वर. पगारवाढ न होता घरी पाठवायची रक्कम वाढत गेली ती रुपया पडत गेला म्हणून. आमच्या कॅम्पात रुपया घसरल्याच्या बातमीनं जेवण गोड लागायचं. देशभक्तीच्या भाषणाला उभं राहायची वेळ आली की मला हे आठवतं, आणि मी बसतो.

मुलगी पुसदला भूगोल शिकते. तिच्या पुस्तकात रॅव्हेन्स्टाइन नावाच्या अभ्यासकाचे स्थलांतराचे नियम आहेत, १८८५ चे. माणसांचा लोंढा एका दिशेनं निघाला की त्याला उलटा प्रवाह असतोच, असा त्यातला एक नियम. म्हणजे आमच्यासारखे वापस येणारे काही आजचं नवल नाही. जगानं हे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आपण अजून कौतुक आणि कुचेष्टा यांच्यातच अडकलोय.

विदर्भातलंच उदाहरण घ्यायचं तर डॉ. पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचा हा तरुण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देश सोडून गेला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीच्या उभारणीत होता, इराणपर्यंत जाऊन लढला. इंग्रजांचं राज्य असेपर्यंत परतीचं दार बंद. १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचला आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागला. मक्यावर, गव्हावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभ्या केल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारानं मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, नागपूरच्या सरकारनं शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं म्हणून ते आले, तर इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव तसंच होतं आणि विमानतळावर अडवणूक झाली. स्वतंत्र देशाच्या दारात! ज्याच्यासाठी चाळीस वर्षं वणवण केली त्या देशाला यादी बदलायचं सुचलं नव्हतं. तरी १९५५ मध्ये ते कायमचे नागपूरला आले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. मेक्सिकोच्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे. महागावच्या बाजारात दहा जणांना खानखोजे कोण ते विचारून बघा.

बाबासाहेबांची गोष्ट तर प्रत्येक शाळकरी पोराला माहीत आहे, पण परत आलेल्या माणसाची गोष्ट म्हणून ती कोणी वाचत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून ते १९१७ मध्ये आले, ते बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली म्हणून. करार होता, नोकरी करून फेडायचं होतं. बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या वसतिगृहात उतरले, तिथूनही हुसकावलं गेलं. ऑफिसात कागद लांबून टाकत. तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसांपैकी एक, आणि त्याच्या परतण्याचं बडोद्यानं काय केलं ते असं. ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, शिक्षण पुरं केलं, १९२३ मध्ये पुन्हा आले. पहिलं परतणं करारानं घडवलं, दुसरं त्यांच्या स्वतःच्या कामानं.

उलट बाजूला डॉ. अभय आणि राणी बंग. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले, १९८४ मध्ये आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत. घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायची त्यांची पद्धत १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली आणि पुढे देशोदेशी गेली. जाताना जे शिकायचं ठरवलं होतं ते शिकून, त्याच कामाकडे परतले. इथे काम वाट पाहत होतं, म्हणून येणं टिकलं. ओढीनं माणूस येतो. राहतो तो कामामुळे.

'स्वदेस' चित्रपट आला २००४ मध्ये, मी सौदीला गेलो त्याच वर्षी. त्यात नासातला शास्त्रज्ञ गावात वीज आणतो आणि शेवटी अमेरिका सोडून येतो. चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीचं, पण अशी वीज खरोखर आली होती ती नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावात. परदेशातून परतलेल्या रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री या जोडप्याच्या कामाशी या कथेचं नातं सांगितलं जातं, आणि बिलगावच्या ओढ्यावरच्या छोट्या जलविद्युत प्रकल्पात त्यांचा हात होता. गावकऱ्यांनी श्रमदानानं उभा केलेला तो प्रकल्प २००६ मध्ये नर्मदेच्या फुगवट्याखाली गेला. चित्रपटात हे असायचं कारण नाही, तो आधीच पुरा झाला होता. पण पडद्यावरचा बल्ब लागलेला पाहून डोळे पुसणाऱ्यांनी पुढचं विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं. परत आलेला माणूस एक गोष्ट उभी करतो. ती टिकवायची की बुडवायची हे त्याच्या हातात नसतं.

आता फुलसावंगीचं. ऑगस्ट २०२१ मध्ये मी जुबैलच्या कॅम्पात असताना मोबाइलवर आमच्याच गावाची बातमी फिरली. शेख इस्माईल शेख इब्राहिम, वय २४, आठवीनंतर शाळा सुटलेली, वेल्डिंगच्या कामात वाढलेला. त्यानं स्वतःच्या हातानं एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं, मारुती ८०० चं इंजिन लावून. १५ ऑगस्टला गावाला दाखवायचं होतं. त्याआधीच्या चाचणीत पातं तुटलं, पंखा डोक्याला लागला आणि पोरगा गेला. गाव त्याला मुन्ना म्हणायचं. त्या रात्री आमच्या खोलीत चार देशांचे वेल्डर आणि फिटर होते, सगळ्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. फिलिपाइन्सचा एक जण म्हणाला, "इतकं डोकं, आणि तपासणारा कोणी नाही?"

मी इथे असतो तर तो वाचला असता असं मी म्हणणार नाही, तो खोटा मोठेपणा होईल. माझा धंदा पाइपांचा, फिरत्या पात्यांचं शास्त्र वेगळं. पण जोड कुठे तपासायचा, धातूला थकवा कसा येतो, चाचणीच्या वेळी माणूस कुठे उभा राहू नये, डोक्यावर काय हवं, हे सांगणारी माणसं याच जिल्ह्यातली आहेत. आखातातल्या रिफायनऱ्यांत ती रोज हेच करतात. साध्या शटडाऊनमध्येसुद्धा परवान्याच्या कागदावर सहा सह्या झाल्याशिवाय टॉर्च पेटत नाही. ही शिस्त विमानानं वापस येते आणि गावच्या चौकात येऊन पत्ते खेळत बसते.

कारण तिला बसवायला जागा नाही. मी आल्यावर एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत गेलो. म्हटलं, आठवड्यातून दोन दिवस पोरांना पाइप वेल्डिंग शिकवतो, मानधन नको. कागद पाहिले. डिप्लोमा जुना. परदेशातलं इन्स्पेक्टरचं प्रमाणपत्र त्यांच्या यादीत बसेना. शिक्षकासाठीचं वेगळं प्रशिक्षण केलंय का विचारलं. नाही केलं. तिथल्या पोरांपाशी सरावाला पुरेसे रॉडही नव्हते, पण नियम पुरेसे होते. दुकानासाठी कर्ज मागायला एका बँकेत गेलो तर तीन वर्षांचं आयकर विवरण हवं होतं. अठरा वर्षं मी ज्या देशात कमावलं तिथे पगारावर आयकर नव्हता, आणि इथे माझी कमाई नव्हती. त्यांच्या संगणकाला मी कालच जन्मलेला वाटलो. शेवटी बायकोचं सोनं तारण ठेवून दुकान उभं राहिलं. ज्या बाईला यायचंच नव्हतं तिच्या सोन्यावर.

केरळनं हे पार पूर्वी ओळखलं. तिथे १९९६ पासून परदेशात गेलेल्यांसाठी स्वतंत्र सरकारी खातं आहे, नोर्का. तिरुवनंतपुरमची अभ्यास संस्था १९९८ पासून ठरावीक वर्षांनी घरोघर जाऊन मोजते, कोण गेलं आणि कोण परत आलं. परतलेल्यांना धंद्यासाठी ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज आणि त्यात १५ टक्के भांडवली अनुदान अशी योजना आहे. जुबैलच्या माझ्या शेजाऱ्यानं तिच्यातून मलप्पुरमला फर्निचरचा कारखाना टाकला. तिथेही सगळं गोडगुलाबी नाही, योजनेच्या नावानं बोटं मोडणारे मल्याळी मी भरपूर ऐकलेत. पण निदान मोजतात तरी. आपल्याकडे परदेशी कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराची नोंद होते, कारण त्याला परवानगी घ्यावी लागते. तो वापस आला की नाही हे कोणीच लिहून ठेवत नाही. महागाव तालुक्यात आज किती परतलेले वेल्डर, क्रेनचालक, इलेक्ट्रिशियन, नर्स आहेत, याचा आकडा तहसीलमध्ये मिळणार नाही.

मला कोणी म्हणेल, तुमच्यासारख्यांनी पैसे कमावले, आता सरकारकडे हात कशाला? म्हणणं चुकीचं नाही. ऊसतोडीला साताऱ्याकडे जाणाऱ्या आमच्याच तांड्यांवरच्या माणसांचं परतणं याहून कठीण असतं. त्यांना कोणी "काहून आला" एवढंही विचारत नाही, कारण ते दरसाल येतात आणि दरसाल जातात. त्यांच्यासाठी आधी करा, मला मान्य आहे. पण परतलेल्या कारागिराचा उपयोग करून घ्यायला पैसे फारसे लागत नाहीत. थोडी कागदाची लवचीकता लागते.

आयटीआयच्या प्राचार्यांना तालुक्यातल्या परतलेल्या कारागिरांना पाहुणा शिक्षक म्हणून बोलवायची मोकळीक द्या. परदेशातला अनुभव तपासायला प्रात्यक्षिक घ्या, पाइप हातात द्या आणि जोड एक्स-रे करून बघा, कागद नंतर बघू. बँकांनी परदेशातली पगारपत्रकं आणि खात्यात आलेला पैसा हा कमाईचा पुरावा धरावा. आणि ग्रामपंचायतीनं एक साधी वही ठेवावी: परदेशातून कोण आलं, काय काम येतं, कोणाला शिकवायला तयार आहे. फुलसावंगीच्या वहीत पहिलं नाव माझं लिहा. वेल्डिंग, पाइप आणि स्ट्रक्चर, वेळ संध्याकाळी सहानंतर.